हॅमर कुठल्या कंपनीचा घ्यावा? मालवणजवळच्या एका वायरिंगच्या कामावरून

गणपती गेले की कोकणात थांबलेली बांधकामं पुन्हा सुरू होतात. आमच्याकडे त्याच सुमाराला मालवण तालुक्यात, खाडीपासून हाकेच्या अंतरावर, बारा खोल्यांच्या एका होमस्टेचं वायरिंग आलं. मालकांनी दिवाळीच्या सुट्टीचं बुकिंग आधीच घेऊन ठेवलं होतं, म्हणजे आमच्या हातात जेमतेम सहा आठवडे. कामावर आम्ही पाच जण: मी, माझ्या वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे असलेले तात्या, दोन वायरमन आणि आयटीआय करून नुकताच हाताखाली आलेला माझा भाचा.

तळमजला चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, वरचा मजला आरसीसीच्या सांगाड्यात विटांचा. कोकणात आता अशीच घरं जास्त होतात आणि वायरिंगवाल्याला एकाच घरात दोन अगदी वेगळ्या भिंतींशी झुंजावं लागतं. हे मुद्दाम आधी सांगतो, कारण पुढे ब्रँडचा जो काही निर्णय झाला तो निम्मा भिंतीने केला.

या कामात दहा-बारा दिवसांत आमचे दोन हॅमर, म्हणजे भिंतीत ठोकत भोक मारणारी विजेची ड्रिल मशीनं, बंद पडले. त्यामुळे काम चालू असतानाच नवी मशीनं घ्यायची वेळ आली आणि कुठल्या कंपनीची घ्यायची हा प्रश्न आमच्यापुढे पहिल्यांदा नीट उभा राहिला. त्याआधी आम्ही दुकानदार देईल ते घेत होतो. बंद पडलेल्या दोन्ही मशीनांच्या कंपन्यांची नावं इथे देत नाही. दोष शोधला तेव्हा तो बराचसा आमच्याच वापरात सापडला, आणि त्याचा डाग कुणाच्या नावाला लागावा असं मला वाटत नाही.

हाताला मुंग्या

पहिल्या दिवशी भाच्याने लहान हॅमर पेटीतून काढला. मे अखेरीपासून तो बंद प्लास्टिकच्या पेटीत, पत्र्याच्या शेडमध्ये पडून होता. चकवर, म्हणजे बीट धरणाऱ्या तोंडावर, हिरवट-पांढरी बुरशी आल्यासारखं दिसत होतं. फडक्याने पुसून त्याने बीट (भोक पाडणारी सळी) लावलं आणि मशीन चालू केलं. दुसरं भोक मारताना त्याने हात झटकला. "दादानू, हाताक मुंगयो येतत."

मी मशीन हातात घेतलं. डावा हात चकच्या मागच्या धातूच्या भागाला लागला की हलकी झिणझिण येत होती. बोर्डावरची ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) मात्र पडली नव्हती. दोन्ही वायरमनांचं म्हणणं, आरसीसीबी पडत नाही म्हणजे काही नाही, चालू दे. इथेच मी काम थांबवलं.

या हॅमरना दोनच पिनांचा प्लग असतो, अर्थिंगची तार नसते. नेमप्लेटवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. तिचा अर्थ मशीन दुहेरी इन्सुलेशनचं आहे, धातूच्या भागापर्यंत करंट पोचणारच नाही अशी रचना आहे. ही रचना कोरडी असेपर्यंत भरवशाची. आत धूळ बसली, तिच्यावर खाऱ्या हवेचा ओलावा बसला की दोन्ही थरांवरून एक पातळ वाट तयार होते.

प्लगच्या दोन्ही पिना तारेने जोडल्या, मेगरची (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राची) एक वायर त्यांना आणि दुसरी चकला लावली, ५०० व्होल्टवर चाचणी घेतली. ही चाचणी घेताना मशीनचं बटण दाबून धरावं लागतं. नाहीतर स्विचच्या पुढचं आर्मेचर आणि फील्ड (मोटरचा फिरणारा आणि स्थिर भाग) चाचणीत येतच नाही आणि आकडा खोटा चांगला दिसतो. बटण दाबल्यावर काटा ०.३ मेगओहमवर आला. २३० व्होल्टला ०.३ मेगओहममधून पाऊण मिलिअँपिअरच्या आसपास करंट जातो. माणसाला झिणझिण जाणवायला एवढा पुरतो, पण ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी पडायला तो फारच कमी. आरसीसीबी जीव वाचवण्यासाठी आहे, मशीनची तब्येत सांगण्यासाठी नाही. ओल्या स्लॅबवर, लोखंडी घोड्यावर (उंचावर काम करायच्या चौकटीवर) अनवाणी उभ्या असलेल्या पोराच्या हातात ते मशीन दिलं असतं तर तो दचकून खाली पडला असता. शॉक पाऊण मिलिअँपिअरचा, पण पडणं दहा फुटांवरून.

मशीन उघडलं. आत चिऱ्याची तांबडी धूळ गेल्या हंगामापासूनची, ओली होऊन लगद्यासारखी झालेली. ब्रशने झाडली, ब्लोअरने उडवली आणि मशीन एका लाकडी खोक्यात १०० वॉटचा साधा बल्ब लावून रात्रभर ठेवलं. सकाळी मेगरने २० मेगओहमच्या वर दाखवलं. पण कम्युटेटरवर (आर्मेचरच्या टोकाच्या तांब्याच्या पट्ट्यांवर) खड्डे पडले होते आणि त्याला करंट देणारे कार्बन टेकताच मोठ्या ठिणग्या उडत होत्या. ते मशीन आम्ही बाजूला ठेवलं. तेव्हापासून माझा नियम असा की पावसाळ्यानंतर प्रत्येक मशीन मेगर लावल्याशिवाय साइटवर जात नाही आणि २ मेगओहमच्या खाली असलेलं मशीन कोणीही हातात घेत नाही.

दुसरा हॅमर जळाला तेव्हा

मोठा हॅमर २६ मिलिमीटरच्या वर्गातला, ८०० वॉटचा. आठव्या दिवशी संध्याकाळी वरच्या मजल्यावर बीमला फास्टनरची भोकं मारताना जळका वास आला, मग धूर, मग शांत. तात्यांनी वास घेऊनच सांगितलं, "आर्मेचर गेला."

मी आधी मल्टिमीटर घेऊन खाली गेलो. बोर्डावर १९८ व्होल्ट. घर लाईनच्या शेवटच्या खांबावरचं, संध्याकाळी असं होतंच. मग वर जाऊन एक्स्टेन्शनच्या टोकाला, त्याच वायरवर भिंत कापायचा कटर चालू ठेवून, दुसरं मशीन चालवलं आणि पुन्हा मोजलं. १७९.

हे १९ व्होल्ट वाटेत कुठे गेले? आमचं एक्स्टेन्शन ४० मीटरचं, ०.७५ चौरस मिलिमीटरच्या लवचीक वायरचं. त्या वायरचा रोध किलोमीटरला २६ ओहम. जाऊन-येऊन ८० मीटर, म्हणजे सुमारे २.१ ओहम. हॅमरचे साडेतीन अँपिअर आणि १२०० वॉटच्या कटरचे साडेपाच, मिळून नऊ. नऊ गुणिले २.१ म्हणजे १९ व्होल्ट. वरून निम्मी वायर ड्रमवर गुंडाळलेली होती, ती हाताला चटका बसेल इतकी तापली होती.

व्होल्टेज कमी पडलं की हॅमरचा वेग उतरतो. भोक पडत नाही म्हणून माणूस अंगाचा भार टाकतो. भार वाढला की करंट वाढतो, वाइंडिंग तापतं. आणि मशीन थंड करणारा पंखा मोटरच्या त्याच शाफ्टवर बसवलेला असतो, म्हणजे वेग उतरला की वाराही कमी. तापायला जास्त, निवायला कमी. कुठल्याही कंपनीचं आर्मेचर याच्यापुढे किती दिवस टिकणार?

वायर आम्ही दुसऱ्याच दिवशी बदलली. आता एक्स्टेन्शन २.५ चौरस मिलिमीटरचं, तीन तारांचं आहे. त्याच नऊ अँपिअरला त्यात सहा व्होल्टही पडत नाहीत. नवा हॅमर घ्यायचा विचार करणाऱ्या प्रत्येक वायरमनाला मी आधी हेच विचारतो, तुझी वायर किती जाडीची आहे? महागातला महाग हॅमर ०.७५ च्या वायरवर लावला तर ते पैसे पाण्यात गेले.

आर्मेचर मागवलं. अधिकृत सर्व्हिस सेंटर घाटावर. तिथे ते शिल्लक नव्हतं, पुढून मागवलं, मग घाटात दरड आली आणि पार्सल दोन दिवस वर अडकलं. हातात यायला अकरा दिवस लागले. या अकरा दिवसांत भाड्याचं मशीन आणलं, त्याच्या भाड्यापेक्षा जास्त खर्च दोन माणसं अर्धा दिवस बसून राहण्यात गेला, कारण भाड्याचं मशीन रोज सकाळी आणायचं आणि संध्याकाळी परत द्यायचं. सहा आठवड्यांच्या कामातले अकरा दिवस. मालक रोज फोन करायचे, आणि त्यांचं चुकत नव्हतं.

नावं आणि त्यांच्या मागचं

आमच्याकडे कुठल्याही हॅमरला लोक हिल्टीच म्हणतात. "हिल्टी आण" म्हटलं की पोरगं जे असेल ते उचलून आणतं. खरी हिल्टी ही लिश्टेनश्टाइनमधली कंपनी, १९४१ साली सुरू झालेली, आणि ती आपला माल दुकानांतून विकत नाही, थेट ठेकेदाराला विकते. मोठ्या प्रकल्पांवर, पुलांवर, हॉटेलांच्या कामांवर ती दिसते. चार-पाच माणसांच्या आमच्या धंद्याला तिची किंमत पेलवत नाही, म्हणून ती आम्ही यादीत धरलीच नाही.

यादीत राहिल्या बॉश, मकिटा, डिवॉल्ट, हायकोकी आणि बाजारात येणारे तीन-चार स्वस्त ब्रँड. बॉशने १९३२ मध्ये विजेवर चालणारा हॅमर बाजारात आणला आणि आज सगळ्या कंपन्यांच्या लहान हॅमरना जो एसडीएस चक असतो, बीट नुसतं आत ढकलायचं आणि टक् आवाज येतो तो, तोही तिच्याकडूनच आला. याचा फायदा आपल्याला असा की एसडीएस प्लसचं बीट कुठल्याही कंपनीच्या लहान हॅमरमध्ये बसतं. बीटसाठी ब्रँड बघायची गरज नाही. मकिटा १९१५ मध्ये जपानमधल्या नागोयात मोटर विकणारं आणि दुरुस्त करणारं दुकान म्हणून सुरू झाली. हे वाचलं तेव्हा मला तिच्याबद्दल आपुलकी वाटली, कारण माझ्या वडिलांचीही सुरुवात पंपाच्या मोटरी भरण्यापासूनच झाली. डिवॉल्ट अमेरिकन, स्टॅनली ब्लॅक अँड डेकर या समूहातली. हायकोकी म्हणजे पूर्वीची हिताची. २०१८ मध्ये नाव बदललं. हे माहीत असणं उपयोगी आहे. जुन्या हिताचीचे सुटे भाग शोधणाऱ्याने हायकोकीकडे चौकशी करावी.

कॅटलॉग समोर ठेवून बसलो तेव्हा लक्षात आलं की नामांकित कंपन्यांच्या २६ मिलिमीटरच्या हॅमरमध्ये निवडण्यासारखं फार थोडं आहे. सगळे ८०० वॉटच्या आसपास, ठोक, म्हणजे एका टोल्याचा जोर, साधारण अडीच जूलच्या (जूल हे त्या जोराचं माप) अलीकडे-पलीकडे, वजन तीन किलोच्या आतबाहेर. स्वस्त ब्रँडच्या खोक्यावर मात्र त्याच आकाराच्या मशीनला दुपटीने जूल छापलेले असतात. ठोक मोजण्याची ईपीटीएची (युरोपातल्या हत्यार बनवणाऱ्यांच्या संघटनेची) एक ठरलेली पद्धत आहे आणि मोठ्या कंपन्या आकडा देताना तिचं नाव लिहितात. ज्या खोक्यावर ते नाव नाही, त्याच्यावरचे जूल दुसऱ्या खोक्याशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

आणि २६ मिलिमीटर म्हणजे तरी काय? त्या मशीनने काँक्रीटमध्ये जास्तीत जास्त एवढ्या व्यासाचं भोक मारता येतं. वायरिंगवाला दिवसभर मारतो ती भोकं ६ ते १२ मिलिमीटरची. गीझरच्या पाइपाला किंवा केबलला भिंतीच्या आरपार जायचं असेल तर मोठं बीट लागतं, ते महिन्यातून दोनदा.

चिऱ्यात ठोकायचं नाही

तात्या माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांनी वायरिंग शिकलं ते लाकडी पट्टी आणि शिशाच्या क्लिपांच्या काळात, चिऱ्यात लाकडी गिट्टी (स्क्रू धरणारा तुकडा) ठोकून. यादीची चर्चा चालू असताना ते भाच्याला हाताला धरून तळमजल्यावर घेऊन गेले आणि म्हणाले, "चिऱ्याक ठोकू नको. नुसतो फिरव."

जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत राहून टणक होत जातो, तरी त्याच्या पोटात पोकळ्या राहतातच. हॅमर मोडवर ८ मिलिमीटरचं बीट लावलं की ते टणक भागावर आपटतं, पोकळीत घसरतं, आणि बाहेर येतं तेव्हा भोक १२ मिलिमीटरचं झालेलं असतं. त्यात प्लास्टिकची गिट्टी टाकली की ती बोटाने फिरते. स्क्रू आवळावा तितका सैल. भाच्याने आदल्या दिवशी मारलेल्या दहा भोकांपैकी सहा अशीच गेली होती आणि त्याने ती सिमेंटने बुजवली होती.

तात्यांनी मशीनचा खटका नुसत्या ड्रिलच्या खुणेवर आणला, बीटही एक नंबर बारीक घेतलं, वेग कमी ठेवला. भोक सरळ आणि घट्ट. तांबडी पूड सावकाश खाली येत राहिली. गिट्टी हातोडीने दोन टोले मारल्यावर बसली. पंख्याच्या रेग्युलेटरचा बॉक्स असो की ट्यूबची पट्टी, चिऱ्याला हेच चालतं. जड वस्तू, उदाहरणार्थ गीझर किंवा इन्व्हर्टरचा स्टँड, मात्र चिऱ्याच्या भरवशावर टांगू नये. दोन चिऱ्यांच्या सांध्यातही नको. आम्ही तिथे भिंतीच्या आरपार बोल्ट घालून मागे पट्टी देतो.

म्हणून यादीत एक गोष्ट पक्की झाली. हॅमरला तिन्ही खटके हवेत: नुसतं फिरवणं, फिरवून ठोकणं आणि नुसतं ठोकणं. शिवाय बटणावर वेग कमी-जास्त करता आला पाहिजे. जूल किती यापेक्षा आमच्या निम्म्या घराला हे महत्त्वाचं. आणि झिऱ्या (पाइप बसवायच्या खाचा) मारायला चिऱ्यात आम्ही कटरने नुसत्या दोन रेघा मारतो, आतला गाळा तात्या छिन्नीने काढतात. मशीनपेक्षा लवकर निघतो. ११० मिलिमीटरच्या चकतीचा कटर जेमतेम ३० ते ३४ मिलिमीटर खोल जातो, त्यामुळे २५ मिलिमीटरचा पाइप आत बसून वर गिलाव्याला फारच थोडी जागा राहते. खोली वाढावी म्हणून काही जण कटरचं गार्ड काढतात. आमच्या साइटवर ते करणाऱ्याला मी घरी पाठवतो. मार्बल कटर मुळात भिंतीसाठी केलेलंच नाही. दोन चकत्यांचं वॉल चेझर हे त्याचं खरं मशीन, पण त्याची किंमत वसूल व्हायला वर्षभर तेवढी कामं हवीत.

बीमवरची परीक्षा

ओळखीच्या एका ठेकेदाराकडून एक हॅमर मागून आणला, दुकानदाराने एक दाखवायला दिला, आणि एक भाड्याचा होताच. तीन मशीनं, तिन्ही वेगळ्या कंपन्यांची, एक त्यांत स्वस्तातली. बीट तिन्हींना नवं कोरं, एकाच कंपनीचं, १० मिलिमीटरचं. बिटाला ६० मिलिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळली आणि एकाच बीमवर, एकाच माणसाने, प्रत्येकी पाच भोकं मारली. सळईला लागलेलं भोक मोजायचं नाही.

दोन मशीनांना एका भोकाला बारा ते चौदा सेकंद लागले, तिसऱ्याला एकोणीस-वीस. दिवसाला साठ भोकं धरली तरी फरक सहा-सात मिनिटांचा. भाच्याने निकाल लिहून घेतला आणि म्हणाला, मग स्वस्तातलंच घेऊ की.

पण नंतर आम्ही तीच मशीनं डोक्यावर धरून स्लॅबमध्ये भोकं मारली आणि तिथे वेगळंच दिसलं. सगळ्यात हळू मशीन सगळ्यात जास्त थरथरत होतं. वीस मिनिटांनी वायरमनाने ते खाली ठेवलं आणि बोटं उघडमीट करत बसला. बाकी दोन मशीनांचा मागचा दांडा कमी कंप देत होता. छताला पंख्याचे बॉक्स आणि लाइटचे पॉइंट मिळून बारा खोल्यांत दीडशेच्या वर भोकं होती. कॅटलॉगमध्ये कंपाचा आकडा दिलेला असतो, त्याच्याकडे आमच्यापैकी कोणी कधी बघितलंच नव्हतं. ज्याचे हात दिवसभर त्या मशीनला धरून असतात, त्याच्यासाठी तो आकडा जूलपेक्षा मोठा आहे असं माझं मत झालं आहे.

आता उरला तो प्रश्न ज्याच्यामुळे अकरा दिवस गेले होते.

मी आणि भाचा कुडाळ, कणकवली आणि मालवणच्या दुकानांत फिरलो. कुठेच मशीनची किंमत विचारली नाही. विचारलं ते असं: या मॉडेलचे कार्बन आत्ता देता का? आर्मेचर किती दिवसांत? फील्ड? स्विच? आणि उघडून बसवणारा माणूस कोण, तो कुठे बसतो? उत्तरं वहीत लिहिली. एका ब्रँडचं मशीन तिन्ही गावांत टांगलेलं होतं, पण त्याचे कार्बन कुठेच नव्हते. "तसलाच दुसऱ्याचा घासून बसवा" असं सांगणारेही भेटले. हे करू नये. बऱ्याच चांगल्या मशीनांच्या मूळ कार्बनमध्ये आत एक स्प्रिंगची पिन असते. कार्बन झिजून संपत आला की पिन वर येते आणि मशीन आपोआप थांबतं, कम्युटेटर वाचतो. घासून बसवलेल्या साध्या कार्बनला ती सोय नाही. तो संपला की पितळ घासायला लागतं आणि दीडशे-दोनशे रुपये वाचवताना आर्मेचर जातं.

वॉरंटीवरही भिस्त ठेवली नाही. कार्बन, चक असले झिजणारे भाग त्यात धरत नाहीत, आणि जळालेलं आर्मेचर जास्त भाराने जळालं असं ठरलं की तेही नाही.

दुबईचं मशीन

कोकणात हा विषय निघाला की कोणीतरी म्हणतोच, माझा भाऊ आखातात आहे, तो आणेल, तिथे स्वस्त. आमच्या एका वायरमनाकडे असंच डिवॉल्टचं बॅटरीवरचं ड्रिल आहे आणि ते उत्तम चालतं. दुबईतला पुरवठा आपल्यासारखाच २३० व्होल्टचा, ५० हर्ट्झचा. फक्त चार्जरचा प्लग चपट्या तीन पिनांचा येतो, तो बदलावा लागतो. अमेरिकेहून आणलेल्याचं तसं नाही. तिथला चार्जर १२० व्होल्टचा, तो आपल्या सॉकेटमध्ये लावला की संपला. तिथली २० व्होल्टची बॅटरी आणि इतरांची १८ व्होल्टची बॅटरी यांत ताकदीचा फरक आहे असं समजून लोक भांडतात. दोन्हींत ३.६ व्होल्टचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एक आकडा पूर्ण भरलेल्या बॅटरीचा, दुसरा सरासरीचा. १२ व्होल्ट आणि १०.८ व्होल्टचंही तेच, तिथे सेल तीन.

बाहेरून आणलेल्या मशीनला इथली वॉरंटी बहुधा लागत नाही आणि एखाद्या मॉडेलचे भाग इथे येतच नसतील तर ते मशीन बिघडलं की शोभेचं. म्हणून भेट मिळाली तर घ्यावी, पण धंदा तिच्यावर उभा करू नये.

बॅटरीच्या मशीनांत ब्रँड बदलणं सगळ्यात महागात पडतं. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनला सहसा बसत नाही. पहिलं ड्रिल घेतलं तेव्हाच पुढच्या पाच मशीनांची कंपनी ठरली असं समजावं. आणि आमच्याकडे बॅटरीची गरज नुसत्या सोयीची नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला आत शिरलं, तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्या मे महिन्यात तौक्तेने आमच्या सिंधुदुर्गाला झोडपलं. त्या दिवसांत मीटरचे बोर्ड, तुटलेल्या सर्व्हिस वायरी, भिजलेल्या घरांचं वायरिंग अशी सगळी कामं वीज नसताना करायची होती. ज्याच्याकडे बॅटरीचं ड्रिल आणि गाडीवर चालणारा चार्जर होता तो लोकांच्या उपयोगी पडला. मी तेव्हा हातड्रिल फिरवत होतो.

काय घेतलं

हॅमर दोन घेतले, दोन्ही बॉशचे आणि दोन्ही एकाच मॉडेलचे, २६ मिलिमीटरच्या जीबीएच (बॉशच्या हॅमरची मालिका) वर्गातले. कारण वहीत त्यांच्यासमोर "कार्बन आत्ता, आर्मेचर दोन-तीन दिवस, माणूस कुडाळात" असं लिहिलेलं होतं. बीमच्या परीक्षेत मकिटा घेतला असता तरी माझी काही तक्रार नव्हती. देवगड किंवा रत्नागिरीच्या ठेकेदाराच्या वहीत उत्तर वेगळं येऊ शकतं, आणि तसं आलं तर त्याने मकिटा किंवा डिवॉल्टच घ्यावा. एकाच मॉडेलची दोन मशीनं घेतल्याचा फायदा असा की कार्बनचे चार जोड आणि एक आर्मेचर पेटीत ठेवलं की दोन्हींची सोय झाली.

बॅटरीच्या बाजूला मकिटाची १८ व्होल्टची मालिका धरली. एक ड्रिल-ड्रायव्हर, दोन बॅटऱ्या, पुढच्या वर्षी त्याच बॅटरीवरचा लहान हॅमर. बोर्ड आवळायला १२ व्होल्टचं हलकं ड्रायव्हर जास्त सोयीचं, हे मला मान्य आहे. पण दोन जातीच्या बॅटऱ्या आणि दोन चार्जर साइटवर सांभाळणं आमच्याच्याने होत नाही. डिवॉल्टवाला वायरमन स्वतःच्याच ड्रिलवर काम करतो, त्याला मी काही बोललो नाही.

स्वस्त ब्रँडचंही एक मशीन घेतलं, ते ब्लोअर. त्याला ना ठोक सोसायची असते ना भार. संध्याकाळी काम संपलं की प्रत्येक मशीन मिनिटभर मोकळं चालवायचं, ब्लोअरने जाळ्यांतून धूळ उडवायची, चक कोरड्या फडक्याने पुसून बिटाच्या मागच्या टोकाला ग्रीसचं बोट लावायचं. हे काम भाच्याकडे आहे. मशीनं आता प्लास्टिकच्या पेट्यांत राहत नाहीत. घरात फळीवर उघडी ठेवतो, खाली एक लहान बल्ब जळत असतो, आषाढ-श्रावणात तो रात्रंदिवस चालू.

होमस्टे वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी पूर्ण झाला, टेस्ट रिपोर्ट त्याच्या चार दिवस आधी दिला होता. जळालेल्या हॅमरला अकराव्या दिवशी आलेलं आर्मेचर तात्यांनी स्वतः बसवलं. तो हॅमर आता त्यांचाच झाला आहे. त्याचा खटका ते नुसत्या ड्रिलवरून हलवू देत नाहीत आणि तो फक्त चिऱ्याच्या घरांना नेतात.